वाचकांचे प्रश्न: कॉमिक्सची प्लास्टिक केस बनते कशी, आणि कागदाला नेमकं काय टेकतंय?

मागच्या अंकात आपण जुन्या कॉमिक्सच्या लिलावांवर लेख छापला होता. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो १९३८ सालचा, तेव्हा १० सेंटला मिळणारा अंक एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत ६० लाख डॉलरला विकला गेला हे त्यात होतं, आणि सोबतच्या फोटोत तो अंक एका जाड पारदर्शक केसमध्ये बंद दिसत होता. पत्रं आली ती जास्त करून त्या केसबद्दलच, आणि मला त्याचा फार आनंद झाला, कारण प्लास्टिक मोल्डिंगच्या लाइनमध्ये माझी बरीच वर्षं गेलीत आणि कॉमिक्स तर शाळेपासून जमवतोय. तेव्हा या वेळी सगळा कॉलम याच विषयाला.

प्रश्न: भाच्याने अमेरिकेतून एक कॉमिक पाठवलंय, कडक प्लास्टिकमध्ये बंद, वर निळं लेबल आणि ९.४ असा आकडा. ना स्क्रू, ना चिकटपट्टी, ना गोंद दिसतो. हे बंद केलं कसं? आणि वाचायचं असेल तर उघडायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

याला तिकडे स्लॅब म्हणतात. फ्लोरिडात सारासोटाला सीजीसी म्हणून कंपनी आहे, २००० साली सुरू झाली, ती कॉमिक तपासून ०.५ ते १० मध्ये ग्रेड देते आणि मग असं सीलबंद करते. निळं लेबल म्हणजे साधा ग्रेड, डागडुजी केलेली आढळली नाही. पिवळं असतं तर कॉमिकवरची सही त्यांच्या माणसासमोर झाली असा अर्थ. ९.४ म्हणजे कॉमिक जवळजवळ नवंच आहे, भाच्याला थँक्यू म्हणा.

आता बनवणं. स्लॅबमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोकांना फक्त बाहेरची दिसते. आत एक पातळ पारदर्शक पाकीट असतं, कॉमिक त्यात बसतं, आणि ते पाकीट बाहेरच्या कडक कवचात बसतं. कागदाला टेकतं ते आतलं पाकीट, बाहेरचं कवच टेकतच नाही. हे लक्षात ठेवा, खालच्या सगळ्या उत्तरांमध्ये मी परत परत इथेच येणार आहे.

बाहेरचं कवच इंजेक्शन मोल्डिंगने बनतं. अशा कामाला क्रिस्टल म्हणजे जीपीपीएस पॉलिस्टायरीन, अॅक्रेलिक किंवा पीईटीजी असा काचेसारखा पारदर्शक दाणा चालतो. दाणा हॉपरमधून बॅरलमध्ये जातो, तिथे स्क्रू त्याला पुढे ढकलत ढकलत वितळवतो, पॉलिस्टायरीनला २०० ते २४० डिग्रीच्या आसपास, आणि मग तो रस प्रचंड प्रेशरने स्टीलच्या मोल्डमध्ये भरतात, मोल्डमधून पाणी फिरत असतं त्यामुळे माल थंड होतो, मोल्ड उघडतो, इजेक्टर पिना पीस बाहेर ढकलतात, की पुढचा शॉट. बादली असो, टिफिन असो, तत्त्व हेच. पण बादलीत थोडा डाग, थोडी रेघ चालते आणि इथे अजिबात चालत नाही, कारण बघणाऱ्याला प्लास्टिक दिसायलाच नको असतं, फक्त आतलं मुखपृष्ठ दिसायला हवं. म्हणून मोल्डचा आतला पृष्ठभाग डायमंड पेस्टने आरशासारखा पॉलिश करतात, त्यावर बोट लागलं तरी ठसा प्रत्येक पीसवर उमटू शकतो. गेट, म्हणजे रस आत शिरतो ती जागा, कडेला अशा ठिकाणी ठेवतात की प्रवाहाच्या खुणा कॉमिकच्या समोर येणार नाहीत, आणि दाणा शंभर टक्के व्हर्जिन, म्हणजे नवाकोरा लागतो, ग्राइंडिंगचा, म्हणजे दळून परत वापरलेला माल थोडा जरी मिसळला तरी काळे ठिपके आणि पिवळट झाक येते.

थंड होताना प्लास्टिक आकसतं, पॉलिस्टायरीन साधारण अर्धा टक्का. ऐकायला काहीच नाही, पण स्लॅबची लांबी धरा ३३० मिलिमीटर, त्याचा अर्धा टक्का म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर, आणि पुढचा-मागचा भाग एकमेकात बसायला हवेत ते केसाएवढ्या फटीने, म्हणून मोल्ड मुळातच तेवढा मोठा कापावा लागतो. शिवाय पीस सगळीकडे सारखा थंड झाला नाही तर वाकतो. भिंतीची जाडी दुप्पट केली की थंड व्हायला चौपट वेळ लागतो, त्यामुळे उगाच जाड केस बनवणं कुणालाच परवडत नाही.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, गोंद न लावता बंद कसं केलं? अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने. एका भागाच्या कडेला अगदी बारीक, त्रिकोणी धारेची कड मोल्डमध्येच काढलेली असते, मिलिमीटरच्या अंशात उंची. दुसरा भाग त्यावर ठेवायचा आणि वरून टायटॅनियम किंवा अॅल्युमिनियमचा हॉर्न दाबायचा, जो सेकंदाला २०,००० वेळा थरथरतो. सगळी थरथर त्या त्रिकोणी टोकावर एकवटते, घर्षणाने फक्त तेवढंच टोक वितळतं आणि दोन्ही भाग एकजीव होतात, सेकंदाच्या आत. पूर्ण केस गरम होत नाही, आतल्या कॉमिकला उष्णता पोचत नाही, आणि मुख्य म्हणजे गोंद नाही, सॉल्व्हंट नाही, म्हणजे त्या सांध्यातून नंतर वर्षानुवर्षं आत वाफ सुटायचा प्रश्न नाही. मला या सगळ्या प्रोसेसमधली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते.

उघडायचं म्हटलं तर सांध्यात पातळ हत्यार घालून उचकटावं लागतं, तसं केलं की कडा पांढऱ्या पडतात, तुटतात, आणि ते मुद्दामच तसं आहे म्हणजे कुणी आतलं कॉमिक बदलून परत बंद केलं तर कळावं. उघडलं की त्या ९.४ ला अर्थ उरत नाही. वाचायचंच असेल तर त्याच अंकाची साधी प्रत किंवा डिजिटल कॉपी घ्या असं माझं मत. आणि हो, वेल्ड केलेलं असलं तरी स्लॅब वॉटरप्रूफ समजू नका.

प्रश्न: आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे, १२० टनाच्या दोन मशीन आहेत. कॉमिक्सच्या केस आमच्याकडे निघतील का?
– एक उद्योजक, कोल्हापूर

स्लॅबच्या साइजची केस १२० टनावर नाही निघणार. हिशोब तुम्हाला माहीतच आहे, पण वाचकांसाठी सांगतो. मोल्ड दाबून धरायला किती टन लागतात ते पीसच्या समोरच्या क्षेत्रफळावर ठरतं, क्रिस्टल पॉलिस्टायरीनला दर चौरस इंचाला २ ते ३ टन धरतात. केस समजा ८ बाय १३ इंच, म्हणजे १०४ चौरस इंच, म्हणजे सरळ २०० ते ३०० टन, आणि ते एका भागासाठी. अॅक्रेलिक घट्ट वाहतं, त्याला अजून जास्त लागेल, शिवाय ते ओलावा धरतं म्हणून आधी ८० डिग्रीला काही तास ड्रायरमध्ये सुकवावं लागतं नाहीतर पीसवर चंदेरी रेघा येतात.

तुमच्या मशीनवर ट्रेडिंग कार्डच्या छोट्या केस आरामात निघतील आणि त्याला गिऱ्हाईकही वाढतंय. सुरुवात तिथून करा, मोल्डच्या पॉलिशवर पैसे वाचवू नका. आणि एक गोष्ट, दोन सपाट चकचकीत पारदर्शक पृष्ठभाग एकमेकांच्या अगदी जवळ आले की मध्ये इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं दिसतात, न्यूटन रिंग म्हणतात त्यांना. प्लास्टिक खराब नसतं, मधल्या हवेच्या पातळ थरात प्रकाशाच्या लहरी एकमेकांत मिसळल्यामुळे ते होतं, पण गिऱ्हाईक पीस परत पाठवतं. म्हणून डिझाइनमध्येच आतलं पाकीट आणि बाहेरचं कवच यांच्यात थोडं अंतर ठेवा किंवा एका बाजूला डोळ्याला न जाणवणारं हलकं टेक्स्चर द्या.

प्रश्न: माझ्याकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा आहे, वेताळ, मॅन्ड्रेक वगैरे. वडिलांनी फार प्रेमाने प्रत्येकाला वह्यांना घालतात तसं मऊ प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. आता ती कव्हरं चिकट झालीत, वास येतो, आणि काही मुखपृष्ठांचा रंग प्लास्टिकला लागलाय. काय करू?
– एक वाचक, नाशिक

सगळ्यात आधी, ओढू नका. आज रात्री काहीच करू नका, आधी हे वाचा.

इंद्रजाल मुंबईहून टाइम्सवाल्या बेनेट कोलमनने काढलं, पहिला अंक मार्च १९६४ चा, वेताळचा, आणि १९९० मध्ये बंद पडलं, म्हणजे तुमच्याकडचे काही अंक साठीला टेकलेले असणार. ते जपायलाच हवेत.

ते मऊ कव्हर म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाच्या पाइपसारखं. त्याला मऊ करायला त्यात तेलकट द्रव मिसळतात, आपल्याकडे धंद्यात त्याला डीओपी म्हणतात, आणि मऊ शीटमध्ये त्याचं प्रमाण वजनाच्या ३०-४० टक्क्यांपर्यंत जातं. हा द्रव प्लास्टिकशी रासायनिकरीत्या बांधलेला नसतो, नुसता आत मुरलेला असतो, त्यामुळे वर्षं गेली, उन्हाळे गेले की तो हळूहळू पृष्ठभागावर येतो. चिकटपणा त्याचाच. छपाईची शाई त्याने मऊ पडते आणि कव्हरला लागते. वर पीव्हीसी म्हातारं होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं, आणि कॉमिकचा कागद स्वस्त लगद्याचा, त्यात लिग्निन हा लाकडातला घटक, तो कागद आधीच आम्लाने पिवळा पडत असतो, त्यात ही भर. तुमच्या वडिलांचा यात काही दोष नाही हो, त्या काळी घरोघरी हेच करत होते आणि दुकानात दुसरं मिळतही नव्हतं.

आता करायचं असं. जिथे कव्हर सुटं आहे तिथे कात्रीने कव्हर कापा, कागद नाही, आणि सुटा झालेला भाग अलगद काढा. जिथे चिकटलंय तिथे तो तुकडा तसाच राहू दे. पाणी नको, थिनर नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको, उष्णतेने शाई अजून सुटते. चिकटलेले अंक कॉन्झर्वेटरला, म्हणजे जुने कागद जपण्या-दुरुस्त करण्यातल्या जाणकाराला दाखवा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्वेशन सेंटर आहे, तिथे चौकशी करता येईल. बाकीचे अंक थोडे दिवस सावलीत, पंख्याच्या झोताबाहेर, उघडे राहू द्या म्हणजे वास कमी होईल, आणि मग चांगल्या पिशवीत.

आपल्याकडचं प्लास्टिक कुठलं हे ओळखायची सोपी युक्ती: रिकाम्या कव्हरचा छोटा तुकडा कापून पाण्यात बुडवा, बोटाने दाबून वरचे बुडबुडे घालवा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, परत वर येतं. पीव्हीसी आणि पॉलिएस्टर बुडतं. बुडालं आणि मऊ, लिबलिबीत असेल तर पीव्हीसी, बुडालं पण चुरचुरीत, कडक आवाजाचं असेल तर बहुतेक पॉलिएस्टर.

प्रश्न: मायलर पिशवी आणि साधी पीपी (पॉलिप्रॉपिलीन) पिशवी यात एवढा फरक का? दोन्ही पारदर्शकच तर असतात.
– एक वाचक, ठाणे

दिसायला सारख्या, पण बनवायची पद्धत वेगळी आणि त्या पद्धतीतच सगळं उत्तर आहे.

मायलर हे ड्यूपाँट कंपनीने पॉलिएस्टर फिल्मला दिलेलं नाव. पाण्याच्या बाटलीचाच पीईटी दाणा, पण आधी तो इतका सुकवतात की ओलावा जवळजवळ शून्य, नाहीतर वितळताना पाणीच त्याच्या साखळ्या तोडतं. मग २८० डिग्रीच्या आसपास वितळवून रुंद फटीतून थंड रोलरवर सोडतात. आता तयार झालेली शीट जाड असते. ती पुन्हा तापवून आधी लांबीत साडेतीनपट ताणतात, मग दोन्ही कडा क्लिपमध्ये पकडून ओव्हनमधून नेताना रुंदीतही तेवढीच ताणतात. साडेतीन गुणिले साडेतीन म्हणजे बारापट, म्हणजे ५० मायक्रॉनची फिल्म हवी असेल तर सुरुवात ६०० मायक्रॉनच्या शीटने. मग ताणलेल्या अवस्थेतच २०० डिग्रीच्या वर तापवून ती रचना पक्की करतात. या ताणण्याने रेणू दोन्ही दिशांना रांगेत लागतात आणि फिल्म मजबूत होते, पारदर्शक राहते, आणि मऊ करायला त्यात तेल घालावं लागत नाही. पातळ आहे म्हणून वाकते, डीओपीमुळे नाही. कागदाजवळ ठेवायला ती चालते ती याचसाठी, मोठ्या लायब्ऱ्या जुने नकाशे आणि कागद हिच्यातच ठेवतात. कॉमिक्ससाठी ती १, २ आणि ४ मिलमध्ये मिळते, म्हणजे साधारण २५, ५० आणि १०० मायक्रॉन. ही फिल्म साध्या सीलरने नीट चिकटत नाही, आकसते, त्यामुळे तिच्या कडाही बऱ्याचदा अल्ट्रासॉनिकनेच जोडतात.

पीपी पिशवी स्वस्त आणि तीही वाईट नाही, मूळ पीपी कागदाला त्रास देत नाही. अडचण आत मिसळलेल्या गोष्टींची असते. पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत, पटकन उघडाव्यात म्हणून दाण्यात मेणासारखी स्लिप अॅडिटिव्ह घालतात आणि ती मुद्दामच पृष्ठभागावर येणारी असतात. उन्हाने पीपी ठिसूळही होते. म्हणून घाऊक बाजारातल्या शर्टच्या पिशव्या आणून भरू नका, विशेषतः झाकणाला चिकटपट्टी असलेल्या, कॉमिक बाहेर काढताना एकदा मुखपृष्ठ त्या पट्टीला लागलं की गेलं. फोटोंसाठी आयएसओ १८९१६ नावाची चाचणी असते, पाकिटाने फोटो खराब होतो का ते बघणारी, ती पास असल्याचं विक्रेता सांगत असेल तर डोळे झाकून घ्या.

माझा नियम: किमती अंक पॉलिएस्टरमध्ये, बाकीचे चांगल्या पीपीमध्ये आणि काही वर्षांनी पिशवी बदलायची. मागे पुठ्ठा घालाल तो पांढरा शुभ्र, आम्लमुक्त, कॅल्शियम कार्बोनेट घातलेला. ब्राउन पुठ्ठा नको, त्याचं आम्ल थेट कॉमिकमध्ये उतरतं.

प्रश्न: स्लॅब परवडत नाही. गल्लीतल्या अॅक्रेलिकवाल्याकडून मॅग्नेटची केस बनवून घेऊ का? नेमप्लेट छान करतो तो.
– एक विद्यार्थिनी, पुणे

नक्की बनवून घे. फक्त चार गोष्टी त्याच्याशी बोलून घे. एक, शीट कास्ट अॅक्रेलिकची घ्यायची, म्हणजे दोन काचांमध्ये ओतून बनवलेली, एक्स्ट्रूडेडपेक्षा, म्हणजे फटीतून दाबून काढलेल्या शीटपेक्षा, ती लेझरने आणि सॉल्व्हंटने कमी तडकते. दुसरं, लेझरने कापल्यावर कडा चकचकीत येतात पण तिथे ताण अडकलेला असतो, आणि तो कडा जोडायला क्लोरोफॉर्म वापरतो, क्लोरोफॉर्म लागला की त्या ताणाच्या जागी केसासारख्या तडा उमटतात, म्हणून कापलेले भाग ८० डिग्रीला काही तास तापवून हळूहळू थंड करायला सांग, त्याच्याकडे ओव्हन नसेल तर निदान जोडायच्या कडा लेझरऐवजी करवतीने कापून घासायला सांग. तिसरं, जोडल्यानंतर क्लोरोफॉर्मचा अंश बराच काळ आत राहतो, तेव्हा केस उघडी ठेवून दोन-तीन आठवडे हवेवर राहू दे आणि नाकाला वास येत असेपर्यंत कॉमिक आत नकोच. चौथं, मॅग्नेट निओडिमियमचे, कोपऱ्यात पूर्ण बुजवलेले हवेत, कॉमिकवर आपटणारे नकोत.

आणि कॉमिक उघडं आत ठेवायचं नाही हां, आधी पॉलिएस्टरच्या पिशवीत, मग केसमध्ये. यूव्ही अडवणारं अॅक्रेलिक मिळालं तर उत्तम पण त्यावर विसंबून केस खिडकीसमोर लावू नकोस, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही लाल आणि पिवळे रंग उडतात, यूव्ही नसली तरी.

प्रश्न: कोकणात पावसाळ्यात सगळंच ओलं होतं. केसमध्ये बंद केलं की बुरशीची काळजी मिटली ना?
– एक वाचक, रत्नागिरी

नाही, उलट वाढू शकते. कागद हवेतला ओलावा पितो. जुलैत कॉमिक पिशवीत घालून बंद केलंत तर तो ओलावा पण आतच बंद होतो, आणि आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, पिना गंजतात, गंजाचा डाग मधल्या पानांत उतरतो. म्हणून पॅकिंग जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दिवसांत करा, दुपारी. सिलिका जेलच्या पुड्या मोठ्या बॉक्समध्ये ठेवा, पिशवीत कॉमिकला खेटून नको, आणि भरल्या की बदला. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. एक स्वस्त हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, आणून बॉक्समध्ये टाका, आकडा डोळ्यासमोर असला की अंदाजाने काही करावं लागत नाही.

काही अमेरिकन स्लॅबमध्ये मुखपृष्ठाच्या आत मायक्रोचेंबर कागद घालतात, त्यात झिओलाइट आणि कार्बन असतो, जुना कागद जी आम्लाची वाफ सोडतो ती तो शोषतो. ओलाव्यावर तो उपाय नाही, हे वेगळं सांगतो कारण दोघा-तिघांनी तसं समजून विचारलंय. आणि तोही भरला की थांबतो, कायमचा नसतो.

प्रश्न: पिशवीत घातलेली कॉमिक्स उभी ठेवायची की आडवी?
– एक वाचक, न्यू जर्सी

पुठ्ठा घालून उभी, बॉक्समध्ये, इतकी दाटीने नाही की ओढून काढावी लागतील आणि इतकी मोकळी नाही की मधेच वाकून बसतील. बॉक्स अर्धा रिकामा असेल तर उरलेल्या जागेत आम्लमुक्त पुठ्ठ्याची घडी घाला. आडवी रचायचीच असतील तर छोटेच गठ्ठे करा, सगळ्या पिना एकाच बाजूला येऊ देऊ नका, एक डावीकडे एक उजवीकडे, नाहीतर त्या बाजूला गठ्ठा फुगतो आणि खालच्या अंकांच्या पाठी वाकतात. स्लॅब मात्र आडवे एकावर एक बिलकुल नाही, क्रिस्टल प्लास्टिक ठिसूळ असतं, खालचं तडकतं.